त्यांच्या पश्चात एक मुलगी

रिटायर झाल्यावर तुम्ही काय करता, असं कुणी विचारलं की मी सांगते, भांडणं सोडवते. समोरच्याला वाटतं, मी फॅमिली कोर्टात समुपदेशक आहे किंवा सोसायटीच्या कमिटीवर तरी आहे. दोन्ही नाही. इंटरनेटवर एक मराठी ज्ञानकोश आहे. तो कुणीही वाचू शकतं आणि त्यात कुणीही लिहू शकतं. कुणीही लिहू शकतं म्हटल्यावर भांडणं आलीच, आणि भांडणं आली की मध्ये पडणारं कुणीतरी लागतं. ते काम मी नोएडातल्या माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून करते. त्याला पगार नाही, आणि आता खरं सांगायचं तर समाधानही उरलेलं नाही. संपादकांनी 'अनुभव लिहा, पण जरा खुसखुशीत लिहा' असं सांगितलं आहे. खुसखुशीत जे काही आहे ते सुरुवातीलाच वाढून मोकळी होते.

आमच्या कोशातल्या प्रत्येक लेखाच्या मागे एक चर्चा पान असतं. लेख ही बैठकीची खोली धरली, तर चर्चा पान हे स्वयंपाकघर. खरं काय ते तिथे चालतं. 'हे वाक्य का काढलं?', 'तुम्ही कोण विचारणारे?' अशी सुरुवात होते आणि गाडी लवकरच घराण्यावर येते. प्रकरण फारच तापलं की प्रचालक नावाचा प्राणी येतो. त्याला लेखाला कुलूप लावण्याचा, म्हणजे काही काळ कुणालाच त्यात बदल करू न देण्याचा अधिकार असतो. मी तो प्राणी आहे. माझ्याकडे चरित्रलेख आले, कारण ते दुसऱ्या कुणाला नको होते. नदीवरचा लेख चुकला तर नदी काही फोन करून जाब विचारत नाही. माणसं विचारतात, आणि ती गेली असली तर त्यांचे पुतणे विचारतात.

एका नगरसेवकाच्या लेखात त्यांचा एक चाहता रोज सकाळी 'कार्यसम्राट' हा शब्द घालायचा आणि मी रोज दुपारी तो काढायची. शेवटी त्याने लिहिलं, 'मॅडम, निदान लोकप्रिय तरी राहू द्या.' एक जुन्या अभिनेत्री स्वतःचं जन्मवर्ष हळूहळू पुढे सरकवत होत्या. आधी त्यांची धाकटी बहीण त्यांच्याहून मोठी झाली, मग त्यांचा पहिला चित्रपट त्यांच्या जन्माआधी प्रदर्शित झाला. तिथे मी हात जोडले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि कुणी नामवंत गेल्याची बातमी आली की आमच्यातले काहीजण 'आहेत'चं 'होते' करायला असे धावतात, की घरच्यांना डॉक्टरांच्या आधी आमच्याकडून कळावं. हा सगळा खेळ मला काही वर्षं आवडलाही.

खेळाचा मुख्य नियम एकच. तुम्हाला काय माहीत आहे ह्याला किंमत नाही, ते कुठे छापून आलं आहे ते दाखवा. मी एका केंद्रीय मंत्रालयात अनुवादक होते. दुसऱ्यांची वाक्यं, ती खरी की खोटी हे न विचारता, उभी हयात मराठीत आणली. त्यामुळे हा नियम मला अंगच्या कपड्यासारखा बसला. नवीन येणाऱ्यांना मीच तो शिकवायची. 'माझ्या आजोबांबद्दल मला नाही कळणार तर कुणाला?' असं कुणी चिडून लिहिलं की मी उत्तर द्यायची, 'कृपया संदर्भ द्यावा.' किती जणांना हे उत्तर दिलं असेल, देव जाणे.

आता विमलकाकूंचं सांगते. नावं बदलली आहेत, बाकी काही बदललेलं नाही.

विमल टिळेकर दिल्लीतून रेडिओवर मराठी बातम्या द्यायच्या. ज्या काळात घराघरात रेडिओ लागायचा, त्या काळातला तो आवाज. स्वच्छ, थोडासा खालच्या पट्टीतला, कुठल्याही बातमीला न हलणारा. मोठा अपघात असो, निवडणूक असो, आवाज तोच. आमचा लेख छोटासा होता. शेवटी 'वैयक्तिक जीवन' ह्या मथळ्याखाली एकच ओळ होती, 'त्यांना एक मुलगी आहे.' त्याला एका जुन्या मासिकातल्या मुलाखतीचा आधार होता. दोन वर्षांमागे 'खरेबोल' नावाच्या सदस्याने ती ओळ बदलून 'त्यांना एक मुलगा व एक मुलगी आहे' अशी केली. आधार काही दिला नाही. दुपारपर्यंत 'एमजी गुडगाव' नावाच्या सदस्याने मुलगा काढून टाकला. कारणाच्या रकान्यात इंग्रजीत लिहिलं होतं, की तिला एकच मूल आहे आणि ते मी आहे. पुन्हा मुलगा आला, पुन्हा गेला. आठवडाभर हेच चाललं आणि प्रकरण माझ्याकडे आलं.

मला वाचल्या वाचल्या कळलं, की खरेबोल कोण. कारण तो मुलगा मी कडेवर घेऊन हिंडवला आहे.

आम्ही करोल बागेत राहायचो, तेव्हा विमलकाकू आमच्या शेजारी. त्यांचे यजमान आणि माझे वडील एकाच खात्यात. बाळ हिंदूराव हॉस्पिटलात झालं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. काकूंची ड्यूटी पहाटेच्या बातम्यांची, गाडी अंधारातच न्यायला यायची. त्यामुळे सकाळी बाळ आमच्याकडे असायचं. शरद नाव, घरात बाबू. माझ्या वेण्या ओढायचा. तो चालायला लागल्यानंतर एकदा इंदूरहून काकूंचे मोठे दीर-जाऊ आले. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात गुरुजी आले, होम झाला, आम्हाला पेढे मिळाले आणि बाबू त्यांच्याबरोबर गेला. दत्तक दिला, असं आईने सांगितलं. त्या काळी घरच्या घरी असं होत असे, कुणाला त्यात नवल वाटत नसे. मला मात्र वाटलं, की मी काहीतरी केलं म्हणून त्याला नेलं. काकू दुसऱ्या दिवशी पहाटे ड्यूटीवर गेल्या आणि आम्ही रेडिओवर त्यांच्या बातम्या ऐकल्या. आवाज तोच होता. त्यांची मुलगी मीनल पुष्कळ वर्षांनी झाली. 'एमजी गुडगाव' म्हणजे तीच.

तर मला माहीत होतं, आणि माहीत असण्याला किंमत नाही हे मीच लोकांना शिकवलेलं. मी आमच्या दुसऱ्या दोन प्रचालकांना कळवलं, की मी ह्या घराला ओळखते, तेव्हा तुमच्यापैकी कुणी हे बघा. एक कोल्हापूरला प्राध्यापक आहेत, दुसरा बंगळुरूला नोकरी करतो. दोघांचं मत एकच पडलं. 'ताई, तुम्हीच बघा. आम्ही पाहिलं तरी नियम तोच लागणार.' ते बरोबरच होतं. मी लेखाला कुलूप लावलं. कुलूप लावताना कोण खरं, कोण खोटं हे आम्ही बघत नाही. लेख त्या क्षणी जसा असेल, तसाच बंद होतो. त्या क्षणी त्यात एकच मुलगी होती. खरेबोलने चर्चा पानावर लिहिलं, 'हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.' मी उत्तर दिलं, 'कृपया संदर्भ द्यावा.'

त्याने ईमेल केला, भेटायचं म्हणाला. सदस्यांना असं भेटायची पद्धत नाही, पण मी गेले. कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनाच्या कँटीनमध्ये आम्ही भेटलो. साठीला आलेला गृहस्थ, केस गेलेले, हातात औषधांची पिशवी. तो आता गाझियाबादला असतो, मोठ्या मुलाकडे. मी आधी माझं नाव सांगितलं, करोल बाग सांगितली, आणि तू माझ्या वेण्या ओढायचास हेही सांगितलं. मग म्हणाला, "म्हणजे तुम्ही त्या कुंदाताई? इंदूरची आई तुमचं नाव घ्यायची."

"काय म्हणायची?"

"म्हणायची, तुला एक ताई सांभाळायची दिल्लीला. पण दिल्लीला मी का होतो, ते नाही सांगायची." तो हसला. "रोज सकाळी रेडिओ लावायची. ऐक, दिल्लीच्या काकू बोलताहेत. मी दूध पीत ऐकायचो यार. माझ्या लग्नात कुणीतरी बोलून गेलं, तेव्हा कळलं. आणि बघा ना ताई, मी सकाळ-सकाळ ऐकत होतो ती माझी आईच होती."

वडे थंड होत होते. मी विचारलं, तुला नेमकं काय हवं आहे? घर, दागिने, काही?

"कुछ नहीं. एक ओळ. मुलगा आहे, एवढी. नाव पण नको. माझ्या सगळ्या कागदांवर मधलं नाव इंदूरच्या बाबांचं आहे, आणि ते असायलाच पाहिजे, त्यांनी मला वाढवलं. पण कुठेतरी एका जागी तर लिहिलेलं असावं, की मी हिला झालो होतो. तुम्ही लिहा ना. तुम्हाला तर माहीत आहे."

"मला माहीत आहे म्हणूनच मला लिहिता येत नाही."

"ये क्या बात हुई?"

मी त्याला नियम समजावून सांगितला. हयात माणसांच्या बाबतीत तो आणखी कडक आहे. खाजगी गोष्ट असेल, तर त्या माणसाने स्वतः जाहीरपणे सांगितलेली असावी किंवा विश्वासार्ह ठिकाणी छापून आलेली असावी. जन्माचा दाखला चालत नाही, शेजारणीची आठवण तर नाहीच. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण तुमच्याकडे इतक्या लोकांचे लेख आहेत. प्रत्येकात असतं, दोन मुलगे, एक मुलगी, सुना. ते सगळं कुठून येतं?"

आमच्या धंद्यातली ही गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. मराठी माणसाच्या कुटुंबाची माहिती आम्ही बहुतेक वेळा एकाच ठिकाणाहून घेतो. निधनाच्या बातमीची शेवटची ओळ. 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे.' हयातभर ज्याच्या घरात कोण कोण आहे हे कुणी छापत नाही, त्याचं घर त्या दिवशी छापून येतं. मग ती ओळ आमच्यासाठी ब्रह्मवाक्य. मी हे त्याला सांगितलं.

"ती ओळ पेपरवाल्यांना कोण देतं?"

"घरचे देतात. कुणीतरी फोन करतं, लिहून पाठवतं. पेपरवाले काही उलटतपासणी करत नाहीत."

त्याने चमचा बशीत ठेवला. "म्हणजे ती गेल्यावर."

मी वड्याची बशी त्याच्याकडे सरकवली. मग तो दुसरंच काहीतरी बोलला, मेट्रोच्या गर्दीबद्दल.

मी मीनललाही भेटायला गेले. गुरुग्रामला तिचं घर आहे, काकू तिच्याकडेच असायच्या. मी मनातून तिच्यावर चिडून गेले होते. ती दार उघडून माझ्या पाया पडली आणि तिने स्वतः आल्याचा चहा केला. चिडायला जागाच ठेवली नाही. दिल्लीत वाढलेली मुलगी, मराठी बोलते गोड, पण लिहायचं म्हटलं की इंग्रजीत शिरते.

"ताई, मी त्याला भाऊ मानत नाही असं बिल्कुल नाही," ती म्हणाली. "दरवर्षी राखी बांधते. पण राखी तर चुलतभावाला पण बांधतात. आई पूरी होशमध्ये होती इतकी वर्षं. तिला म्हणायचं असतं, तर ती म्हणाली असती ना? मला पण नाही म्हणाली. मला मामीकडून कळलं. तिनं ती गोष्ट इतकी सांभाळली, आणि आता तिला काही आठवत नाही म्हणून आम्ही तिच्या नावावर लिहून टाकायची? ते मी नाही होऊ देणार. तो दादा आहे म्हणून नाही. कुणीही असता तरी."

मी चहाचा कप ठेवून गॅलरीकडे गेले.

काकू गॅलरीत उन्हात बसल्या होत्या. मांडीवर पेपर. मथळे मोठ्याने वाचत होत्या, एकामागून एक, त्याच आवाजात. आवाज म्हातारा झाला होता, पण प्रत्येक शब्द पुरा उच्चारून पुढे जायची सवय तीच. मला ओळखलं. "कुंदा, तुझे बाबा ऑफिसातून आले का?" असं विचारलं. बाबांना जाऊन तीस वर्षं होत आली. मी म्हटलं, येतीलच. थोडा वेळ इकडचं-तिकडचं बोललो. मीनल आत गेली होती. मला राहवलं नाही.

"काकू, बाबू आठवतो?"

"कोण बाबू?"

"आपला बाबू. मी घेऊन हिंडायचे तो."

त्यांनी पेपर खाली करून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत काही आलं का, मला सांगता येणार नाही. मग बातमी द्यावी तशा स्पष्ट म्हणाल्या, "आपला कसा? तो वहिनींचा."

आणि पुढचा मथळा वाचायला लागल्या.

तारीख विसरल्या, घर विसरल्या, नवरा गेल्याचं विसरल्या. हे विसरल्या नाहीत. मला तिथेच रडू आलं. ते लपवायला मी गॅलरीतल्या तुळशीची वाळकी पानं खुडत बसले.

शरदने फोनवर विचारलं, काकूंना भेटलात का, काही बोलल्या का? खोटं सांगणं जमलं असतं तर बरं झालं असतं. मी जसंच्या तसं सांगितलं. मग म्हणाला, "हां. तिनं इंदूरच्या आईला शब्द दिला होता." त्यानंतर खरेबोलने लेखात काही बदल केला नाही. कुलूप काढलं तरी केला नाही.

काकू ह्या वर्षी थंडीत गेल्या. सकाळी मीनलचा फोन आला आणि मी निघाले. टॅक्सीत सवयीने फोन उघडला, तर लेखातलं 'आहेत' जाऊन 'होत्या' झालंही होतं. काकूंना अजून घरातून हलवायचं होतं.

स्मशानात माणसं थोडी होती. ज्यांनी त्यांचा आवाज ऐकला ती माणसं एक तर महाराष्ट्रात, नाहीतर वर. धुकं असं, की चार पावलांवरचा माणूस दिसेना. गुरुजींनी विचारलं, अग्नी कोण देणार, मुलगा आहे का? मीनल म्हणाली, "मी देणार आहे." शरद तिच्या मागेच उभा होता, खांदा देताना घेतलेलं उपरणं अजून अंगावर. गुरुजींनी त्याच्याकडे पाहून विचारलं, "आपण?"

"पुतण्या," शरद म्हणाला.

गुरुजींनी मान हलवली आणि पुढचं सुरू केलं.

सगळं झाल्यावर बाकावर बसलो, तेव्हा मीनलच्या लक्षात आलं, की पुण्या-मुंबईच्या पेपरांना कळवायला हवं. लोकांना आईचा आवाज आठवत असेल. ती माझ्याकडे वळली. "ताई, तुम्ही लिहून द्या ना. माझं मराठी ऐसं-तैसंच आहे." मी नाही म्हटलं. मी लिहिलेली बातमी उद्या आधार म्हणून येणार, आणि तो आधार तपासणारी मीच. तेवढी लाज अजून शिल्लक आहे. तेव्हा शरद म्हणाला, "मी देतो. मला येतं मराठी लिहिता."

मीनलने वळून त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता नाही म्हणेल. पण ती दमली होती, तिचा आवाज बसला होता. "हां दादा, तूच दे," ती म्हणाली. "तुला जे लिहायचं असेल ते लिही. मी वाचणार नाही."

मी मेट्रोने घरी आले. इतक्या वर्षांत ह्या कामात मला जेवढा आनंद झाला नसेल, तेवढा त्या दिवशी झाला. सुतकातल्या घरून येऊन आनंद झाला असं लिहितानाही विचित्र वाटतं, पण झाला. नियम न मोडता खरं लिहिता येणार होतं. आधार छापला जाणार होता, आणि तो मुलाच्याच हातचा. बदल कसा करायचा ते मी मनात लिहूनही ठेवलं. 'त्यांना एक मुलगा व एक मुलगी.' पुढे बातमीचा हवाला, तारीख, पान. कुणाच्या बापाला ते काढता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या पेपरात बातमी आली, आतल्या पानावर, जुन्या फोटोसकट. सुरेख लिहिली होती. आवाजाबद्दल दोन ओळी अशा, की मला जमल्या नसत्या. शेवटी होतं, 'त्यांच्या पश्चात एक मुलगी, जावई, नात व पुतणे असा परिवार आहे.'

मला त्याचा राग आला. तसाच फोन लावला. मी म्हटलं, शरद, हे काय केलंस? तिने स्वतः तुला लिही म्हटलं होतं.

"लिहिलं होतं ताई," तो म्हणाला. "मुलगा असंच लिहिलं होतं. मग एकदा मोठ्यानं वाचून बघितलं. सवय लागली होती ना लहानपणी, बातमी ऐकायची. तर तिच्याच आवाजात ऐकू यायला लागलं, आणि त्या ओळीवर ती थांबली. पुढे वाचेचना. जे ती मरेपर्यंत नाही बोलली, ते तिच्या शेवटच्या बातमीत मी कसं घुसवू?"

"पण ते खरं आहे."

"और पुतण्या तो हूँ ना मैं. ते पण खरंच आहे." मग म्हणाला, "तुम्ही ते तुमच्या लेखात घालून टाका. माझ्याकडून काही आक्षेप नाही." आणि संध्याकाळी खरेबोलने चर्चा पानावर ते लिहिलंही, 'आक्षेप नाही.' दोन वर्षं चाललेला वाद आमच्या रीतीप्रमाणे मिटला. मी बातमीचा हवाला लेखात घातला, 'एक मुलगी' तसंच ठेवलं आणि चर्चेवर 'निर्णय झाला' अशी पट्टी लावली. आमचा कोश यंत्रंही वाचतात. आता फोनला विचारलं, की विमल टिळेकरांना मुलं किती, तर फोन बाईच्या आवाजात सांगतो, एक मुलगी. ती बाई अजिबात अडखळत नाही.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. आमच्याकडे राहतं. मी हे काम ज्या विश्वासावर केलं, की माणसं खोटं बोलतात, आठवणी दगा देतात, पण छापील आधार धरून चाललं की शेवटी खऱ्याच्या जवळ पोचतो, तो विश्वास मला आता धरता येत नाही. ह्या प्रकरणात कुणीच खोटं बोललं नव्हतं. काकू नाही, मीनल नाही, शरद नाही, पेपर नाही आणि मीही नाही. नव्या पोरांना नियम शिकवायचं मी बंद केलं आहे. काम सोडत नाही, कारण सोडून करू काय? सकाळी उठून टेबलाशी बसते, 'कार्यसम्राट' काढते, चहा करते.

गेल्या महिन्यात मीनलला कुणीतरी ती बातमी वाचून दाखवली असावी. आमच्या लेखात बदल झाल्याची सूचना आली. सदस्य एमजी गुडगाव. तिने कधी मराठीत लिहिलं नव्हतं, ते त्या दिवशी लिहिलं होतं. मोडकंतोडकं, पण लिहिलं होतं. 'त्यांना एक मुलगा शरद आणि एक मुलगी मीनल.' कारणाच्या रकान्यात होतं, 'मी तिची मुलगी आहे. मला माहीत आहे.'

ती ओळच अजिबात नसावी, मुलगी नको नि मुलगाही नको, असं मी आमच्या त्या दोन प्रचालकांना सुचवून पाहिलं. कोल्हापूरच्या सरांनी नम्रपणे कळवलं, की आधार असलेला मजकूर काढता येत नाही आणि आधाराविरुद्धचा ठेवता येत नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. दिवसभर मी तो बदल तसाच राहू दिला. दिवसभर तो मुलगा तिथे होता, आईच्या नावाखाली, बहिणीच्या आधी. दोन-तीनदा उघडून वाचला. संध्याकाळी मी तो काढला आणि कारण लिहिलं, 'छापील संदर्भाशी विसंगत. कृपया संदर्भ द्यावा.'